मस्कतचा सुलतान दुबळा होता, पण त्याला दुबळं केलं कुणी?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आलाय. आधी गल्फला असलेल्या आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या पोरांच्या ग्रुपवर, मग देवळाच्या कमिटीच्या ग्रुपवर, मग मेव्हण्याकडून, आणि परवा पुतणी विचारायला लागली की काका तुम्ही नऊ वर्षं मस्कतला होतात ना, मग हे खरं का. तिला तोंडी सांगायला बसलो तर दीड तास गेला, म्हणून आता लिहूनच टाकतो.

मेसेज थोडक्यात असा: १९१५ साली वहाबी टोळ्यांनी जर्मनी-तुर्कस्तानच्या पैशावर मस्कतवर हल्ला केला, सुलतान दुबळा आणि भित्रा होता, ब्रिटिशांनी केवळ मैत्रीखातर भारतीय जवान पाठवून त्याला वाचवलं, रानटी टोळ्या हरल्या आणि शरण आल्या. आणि शेवटी खास आपल्यासाठी एक ओळ, की गोव्यात पोर्तुगिजांचं खंबीर राज्य होतं म्हणून इथे असले उठाव झाले नाहीत.

यातली लढाई खरी आहे. सुलतान दुबळा होता हेही खरं. बाकी जवळजवळ सगळं चुकीचं आहे आणि एकेक घेऊन सांगतो.

पहिलं म्हणजे "वहाबी", म्हणजे अरबस्तानातल्या एका कट्टर सुन्नी पंथाचे लोक. ओमानच्या आतल्या डोंगराळ भागातले ते लोक इबादी पंथाचे. इबादी हा सुन्नीही नाही आणि शियाही नाही असा वेगळा, फार जुना पंथ आहे, आणि वहाबींशी त्यांचं कधीच पटलं नाही, उलट १९व्या शतकात वहाबी फौजांनी ओमानच्या सरहद्दीवरच्या बुरैमीला ठाण मांडून ओमानकडून खंडणी वसूल केलेली आहे. म्हणजे ज्यांनी वहाबींचा मार खाल्ला त्यांनाच वहाबी म्हणायचं. आणि गंमत म्हणून नाही, खरंच लक्षात घ्या, ज्या सुलतानाविरुद्ध हे लोक उठले तो स्वतः इबादीच होता. इबादींचं म्हणणं असं की समाजाचा प्रमुख म्हणजे इमाम हा जाणत्या लोकांनी निवडायचा, बापाकडून मुलाकडे जाणारी गादी नाही, आणि तो धर्माप्रमाणे वागला नाही तर त्याला काढताही येतं. मस्कतच्या सुलतानांची गादी घराण्यात चालत आलेली. भांडणाचं मूळ तिथे आहे, आणि ते भांडण १९१५च्या शेकडो वर्षं आधीपासूनचं आहे. १८६८ साली असाच एक इमाम, अझ्झान बिन कैस, मस्कत घेऊन अडीचेक वर्षं राज्य करून गेला होता.

दुसरं, जर्मन-तुर्की पैसा. इथे नुसती तारीख बघितली तरी पुरे. सालिम बिन राशिद अल-खरुसी यांना तनुफ गावात इमाम म्हणून निवडलं ते मे १९१३मध्ये. महायुद्ध सुरू झालं ऑगस्ट १९१४ला. म्हणजे युद्धाच्या सव्वा वर्ष आधी इमाम निवडून झाला होता, जूनमध्ये निझवा घेतलं होतं, मग इझकी, मग समाइल, मस्कतच्या वाटेवरची सगळी महत्त्वाची ठाणी गेली होती. युद्ध सुरू झाल्यावर तुर्कस्तानच्या जिहादच्या हाकेने वातावरण तापलं असेल, ते मी नाकारत नाही, पण आग आधीच लागलेली होती.

तिसरं, "रानटी टोळ्या". हे वाचून मला फार वाईट वाटतं, कारण त्याच लोकांच्या नातवंडा-पतवंडांबरोबर मी काम केलंय, त्यांच्या घरी कहवा प्यायलोय. या उठावामागचा माणूस कोण तर अब्दुल्ला अल-सालिमी, एक आंधळा पंडित, ज्याने ओमानचा इतिहास लिहिला. इमाम झालेले सालिम त्यांचे शिष्य. ओमानमधल्या जमातींचे हिनावी आणि घाफिरी असे दोन मोठे गट, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेले, त्यांतल्या घाफिरींचा हिम्यार बिन नासिर आणि हिनावींचा ईसा बिन सालेह अल-हारिथी असे दोन मोठे शेख एका इमामाच्या मागे उभे राहिले. हे घडवून आणायला रानटीपणा उपयोगाचा नाही, त्याला बैठका लागतात, शब्द द्यावे-घ्यावे लागतात. आणि या लोकांना समजून घेणारा एक मराठी माणूस तिथे आधीच होऊन गेलाय हे आपल्यातल्या फार कमी लोकांना ठाऊक आहे. डॉ. आत्माराम जयकर, १९व्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मस्कतच्या ब्रिटिश एजन्सीत सर्जन होते, जवळपास ३० वर्षं राहिले, ओमानी लोकांच्या म्हणी त्यांनी गोळा करून छापल्या, आणि तिथल्या डोंगरातल्या रानबोकडाला, तहरला, शास्त्रीय नावात अजून त्यांचं नाव आहे.

पण हेही सांगायला हवं की उठावाची बाजू सगळी धुतल्या तांदळासारखी नव्हती. त्यांच्या तक्रारींत गुलामांच्या व्यापारावरची बंदीही होती, आणि त्या तक्रारीची बाजू मी घेणार नाही. बाकीच्या तक्रारी मात्र पोटाच्या आणि मानाच्या होत्या: कस्टम, महागाई, बंदुकांवरचे निर्बंध, मस्कतात उघड येणारी दारू आणि तंबाखू, आणि सुलतान परक्यांच्या तालावर चालतो ही चीड.

आता चौथा मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. "ब्रिटिशांनी मैत्रीखातर वाचवलं."

सुलतान दुबळा कसा झाला ते बघा. १८५६पर्यंत मस्कत आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळचं झांझिबार बेट एकाच राजाचे, सईद बिन सुलतानचे. तो वारला, दोन मुलांत भांडण, आणि निवाडा करायला बसला कोण तर हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग. १८६१ला निकाल दिला की दोन राज्यं वेगळी, आणि श्रीमंत झांझिबारने गरीब मस्कतला वर्षाला ४०,००० मारिया थेरेसा डॉलर (तेव्हा चालणारं चांदीचं नाणं) द्यायचे. पुढे झांझिबारने हात आखडता घेतला आणि ती रक्कम हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतून जायला लागली, म्हणजे आपल्याच आजे-पणज्यांच्या शेतसाऱ्यातून. जो राजा स्वतःच्या जहाजांवर आणि लवंगेच्या बागांवर जगत होता त्याचे वारस अशा रीतीने पगारी झाले. त्यात आगबोटी आल्या आणि ओमानी गलबतांचा धंदा बसला.

मग १८९१ला ब्रिटिशांनी सुलतान फैसल बिन तुर्कीकडून मैत्रीच्या तहाबरोबर एक गुप्त कागद लिहून घेतला की आपल्या राज्यातली जमीन ब्रिटिशांशिवाय कुणालाही द्यायची नाही. १८९५च्या फेब्रुवारीत आतल्या जमातींनी मस्कत शहरच घेतलं, फैसल किल्ल्यात अडकला, तेव्हा हे मित्र हलले नाहीत. त्याने पैसे मोजून जमातींना बाहेर काढलं आणि त्यानंतर ब्रिटिशांनी त्याच्याचकडे भरपाई मागितली, का तर आमच्या प्रजाजनांची दुकानं लुटली गेली! माणूस चिडणारच. तो फ्रेंचांकडे वळला आणि १८९८ला बंदर जिस्सा इथे कोळशाच्या वखारीसाठी त्यांना जागा दिली. त्यावर फेब्रुवारी १८९९मध्ये ब्रिटिश युद्धनौका मस्कतच्या बंदरात येऊन उभी राहिली, वाड्यावर तोफा डागू म्हणून धमकी दिली, आणि सुलतानाला त्या जहाजावर बोलावून दिलेली जागा सगळ्यांसमोर परत घ्यायला लावली. मस्कतचं बंदर ज्याने बघितलंय त्याला कळेल मी काय म्हणतो ते. दोन्ही बाजूंना काळे उघडे डोंगर, एकावर मिरानी किल्ला, दुसऱ्यावर जलाली किल्ला, मध्ये वाटीएवढं पाणी आणि काठाला वाडा. तिथे उभी राहिलेली युद्धनौका अख्ख्या गावाला दिसते. आपला राजा होडीत बसून परक्याच्या जहाजावर चढतोय हे गावाने बघितलं आणि ती बातमी निझवापर्यंत गेली नसेल का?

शेवटचा घाव बंदुकांचा. मस्कत हे त्या काळी बंदुकांच्या व्यापाराचं मोठं केंद्र, तिथून माल इराणच्या किनाऱ्यावरून अफगाणिस्तानात आणि सरहद्दीवरच्या पठाणांकडे जायचा, आणि ब्रिटिशांना त्याच बंदुकांच्या गोळ्या खाव्या लागायच्या. सुलतानाला त्यावर भरपूर जकात मिळायची. १९१२ला ब्रिटिशांनी त्याला सगळी शस्त्रं एका सरकारी वखारीत ठेवायला लावली, परवान्याशिवाय विक्री बंद, आणि जकात बुडाली त्याबद्दल वर्षाला १ लाख रुपये बांधून दिले. सरहद्दीवर शांतता हवी होती दिल्लीला, आणि त्याची किंमत मस्कतच्या गादीने भरली, कारण डोंगरातल्या माणसाला बंदूक मिळेना आणि मिळाली तरी परवडेना, आणि तो म्हणायला लागला की सुलतानाने आपल्याला रुपयांत विकलं. पुढच्याच वर्षी इमाम निवडला गेला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये फैसल वारला आणि मुलगा तैमूर गादीवर आला.

मग ११ जानेवारी १९१५. मस्कतच्या रुवी भागात मी राहायचो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर बैत अल-फलज आहे, आता तिथे सैन्याचं म्युझियम आहे. पांढरा शुभ्र किल्ला, जाड भिंती, कोरीव दार, आणि ज्या पाटाच्या पाण्यावरून त्याला नाव पडलं तो फलज. आज आजूबाजूला बँका आणि ट्रॅफिक, पण मान वर केली की डोंगर तेच. त्या डोंगरांवरच्या चौक्यांवर इमामाची सुमारे ३,००० माणसं रात्रीची चालून आली आणि खाली ९५वी रसेल्स इन्फंट्री आणि १०२वी ग्रेनेडियर्स या हिंदी पलटणींचे सुमारे ७०० जवान. जवानांनी हल्ला मोडून काढला, इमामाच्या बाजूचे शेकडो पडले. त्या जवानांबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे, हुकूम झाला आणि ते परक्या डोंगरात लढले. पण त्यांना पाठवलं ते मैत्रीसाठी असं कुणी म्हणू नये. त्या पलटणी नसत्या तर मस्कत गेलं असतं आणि मस्कतबरोबर आखातावरची पकड ढिली झाली असती, एवढा साधा हिशोब होता. लढाईनंतर महिन्याभरात व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग स्वतः मस्कतला आला आणि तैमूरला सल्ला काय दिला? इमामाशी बोलणी कर. जिंकलेल्यांना माहीत होतं की किल्ल्याच्या पलीकडे आपलं काही चालत नाही.

पाचवा मुद्दा "टोळ्या शरण आल्या", तर तेही नाही. त्यानंतर पाच वर्षं आतला सगळा मुलुख इमामाकडेच होता. तोड निघाली ती खजुरावर. समाइलच्या खोऱ्यातला खजूर उंटावरून मस्कतशेजारच्या मत्र्याच्या बंदरात यायचा, तिथून बाहेर. आपल्याकडे बायकांच्या ओटीत जी खारीक घालतात ना, उकडून वाळवलेली, ती ओमानातून गलबतांनी मुंबईला उतरायची. रोनाल्ड विंगेट नावाचा तरुण ब्रिटिश अधिकारी मस्कतला आला, त्याने ओळखलं की डोंगराला समुद्राशिवाय गत्यंतर नाही, आणि आतून येणाऱ्या खजुरावर २५ टक्के कर बसवायला लावला. बागायतदार कोंडीत सापडले. त्यातच जुलै १९२०मध्ये इमाम सालिम यांचा रात्री झोपेत खून झाला, मुहम्मद बिन अब्दुल्ला अल-खलिली नवे इमाम झाले, आणि २५ सप्टेंबर १९२०ला किनाऱ्यावरच्या सीब गावी सुलतानाच्या आणि इमामाच्या बाजूंत करार झाला.

कराराची कलमं वाचा, शरणागती शोधून सापडणार नाही. चार कलमं एका बाजूची, चार दुसऱ्या बाजूची. आतल्या मालावर ५ टक्क्यांहून जास्त कर नाही, आतल्या लोकांना किनाऱ्यावरच्या गावांत मोकळं येता-जाता यावं, सुलतानाने त्यांच्या अंतर्गत कारभारात पडायचं नाही. बदल्यात त्यांनी किनाऱ्यावर हल्ला करायचा नाही, व्यापाऱ्यांना अडवायचं नाही, पळून आलेले गुन्हेगार परत द्यायचे. शब्द मात्र असे बेतले की इमामाचं वेगळं राज्य मान्य केलं असं कुठे म्हणता येऊ नये. प्रत्यक्षात ते राज्य त्यानंतर ३५ वर्षं चाललं, १९५५च्या डिसेंबरात सुलतानाची फौज निझवात शिरेपर्यंत.

गोव्याच्या ओळीबद्दल फार लिहीत नाही. ज्या पोर्तुगिजांना खंबीर म्हणताय त्यांचं मस्कत गोव्याच्या हुकमतीखाली होतं आणि १६५०ला त्यांना तिथून एका इमामानेच हाकललं. आणि इथे उठाव झाले नाहीत म्हणणाऱ्याने डिचोलीहून वाळपईकडे जावं आणि नाणूसचा किल्ला बघून यावा. १८५२ला दीपाजी राणे यांनी तो घेतला आणि पोर्तुगिजांना १८५५ला तडजोड करावी लागली. १८९५ला, ज्या वर्षी तिकडे फैसल किल्ल्यात अडकला होता त्याच वर्षी, आफ्रिकेत लढायला जाणार नाही म्हणून मराठा शिपाई बंड करून सत्तरीत, राण्यांच्या मुलखात, गेले आणि लिस्बनहून राजाच्या भावाला फौज घेऊन यावं लागलं. त्या वेळच्या सरकारने राण्यांनाही दरोडेखोरच म्हटलं होतं. तो शब्द आपल्याला लागतो, मग दुसऱ्यांसाठी तोच तयार शब्द आपण न वाचता पुढे कसा ढकलतो?

राहिला तैमूर. मेसेजात त्याला भित्रा म्हटलंय. या माणसाला मस्कतात राहणं नकोसं झालं होतं, तो महिनोन्‌महिने हिंदुस्थानात काढायचा, डेहराडूनला राहायचा, आणि १९२०च्या सुमारास त्याने गादी सोडायची इच्छा बोलून दाखवली. ब्रिटिशांनी सोडू दिली नाही, त्यांना तो तिथे बसलेला हवा होता. शेवटी १९३२ला सुटला. १९६५ला वारला तो मुंबईत.