फॅन डायरेक्ट करू नका, आधी बिघाड शोधा

'गाडी गरम होते? सेन्सर-रिलेच्या नादाला लागू नका. फॅन बॅटरीवरून डायरेक्ट करा, थर्मोस्टॅट काढून टाका, कूलंटऐवजी साधं पाणी घाला आणि टेम्परेचरचा काटा वर गेला की लगेच रेडिएटरची कॅप उघडून गार पाणी ओता.' हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आला, तेव्हा मामांच्या गाडीचा रेडिएटर फॅन नेमका बंद होता. त्यांनी फॅन डायरेक्ट करून घेतला आणि मला फोन केला, "झालं बघ काम, दोनशे रुपयांत."

परवा जोतिबाला जाताना केर्लीच्या पुढं चढाला जळका वास आला. मामींनी गाडी थांबवायला लावली. बॉनेट उघडलं तर फॅन डायरेक्ट केलेल्या वायरचं प्लॅस्टिक वितळून पत्र्याला चिकटलं होतं.

फ्यूज बॉक्सच्या झाकणाची आतली बाजू कुणी वाचतं का? मामांच्या गाडीत फॅनच्या चित्रासमोर ३० लिहिलंय, म्हणजे ३० अँपिअर. कंपनीनं या एका फॅनसाठी वेगळा फ्यूज, वेगळा रिले (फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि जाड वायर दिली, ती हौस म्हणून नव्हे. मामांना जोडून दिलेली वायर इंडिकेटरच्या बल्बला वापरतात तेवढी बारीक, आणि मध्ये फ्यूजच नाही. ती उघडी पडून बॉडीला लागली असती तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, थांबवणारं कुणी नाही. त्या गाडीत मामी होत्या, म्हणून माझा संताप होतोय.

आणि मूळ दोष काय निघाला? ती वायर आधी उपटून टाकली. इंजिन चालू करून एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन फिरायला हवा, तो फिरला नाही. फ्यूज चांगला. रिलेच्या जागी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले घालून पाहिला, तरी तेच. इंजिन बंद करून मोटरचा कपलर (वायरचा जोड) काढला, फ्यूज असलेल्या जाड वायरनं मोटरला थेट बॅटरी दिली, तर फॅन जोरात फिरला. म्हणजे मोटर शाबूत. मग पुन्हा इंजिन आणि एसी चालू केला आणि कपलरच्या दोन पिनांत टेस्ट लॅम्प (करंट तपासायचा छोटा दिवा) धरला. पेटला नाही. लॅम्पचं एक टोक करंटच्या पिनला ठेवून दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, तर लख्ख पेटला. म्हणजे अर्थिंगचा, निगेटिव्हकडचा जोड तुटलेला! अर्थिंगचा नट गंजून हिरवा झाला होता. पॉलिश पेपरनं घासून आवळला, फॅन सुरू. (काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन अचानक फिरतो. पात्यांजवळ हात घालण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढाच.)

गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये किंवा घाटात तापत असेल तर फॅनवर संशय घ्या. हायवेवर वेगात असतानाही तापत असेल तर रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) बघा, कारण तिथं वारा फॅनचं काम करतोच.

गरम गाडीची कॅप उघडायचा सल्ला तर गुन्हा आहे. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांवर जाऊनही उकळत नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, इथं उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कॅप फिरली की दाब उतरतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. वर गार पाणी ओतलं तर तापलेलं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं किंवा तडकतं, मग उद्यमनगरातल्या वर्कशॉपात फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला टाका. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबा.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही आणि इंधन जास्त खातं. अडकला असेल तर नवा घाला.

साध्या पाण्याचं म्हणाल तर अर्धं मान्य. आपल्याकडं पाणी गोठायची भीती नाही आणि वाटेत अडचण आली तर गाडी गार झाल्यावर पाणी घालून घर गाठता येतं. पण कूलंट गंज रोखतं, उकळबिंदू वाढवतं. घरी आल्यावर पाणी काढून कूलंट भरायलाच हवं.

मामांनी तो मेसेज पुढं तिघांना पाठवला होता. काल त्यांना समोर बसवून तिघांनाही फोन करायला लावला. कागलच्या पाहुण्यांनी फॅन डायरेक्ट करून महिना झालाय, रोज गाडी चालवतात. उद्या सकाळी टेस्ट लॅम्प घेऊन त्यांच्याकडं निघालोय.