पोकलेनच्या मागे उभे कसे राहावे

खाणीवर, पुलाखाली किंवा गटाराच्या कामावर पायी वावरायचे असेल, तर एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. आपल्याला यंत्र दिसते, म्हणजे यंत्रालाही आपण दिसतोच. एवढे थोरले धूड, वर बसलेला ऑपरेटर, त्याचे दोन डोळे आणि बाजूला दोन आरसे. झाले चार. तुमच्याकडे दोनच आहेत, आणि त्यातलाही एक मोबाईलमध्ये. मग लक्ष कोणी ठेवायचे? हिशेब उघड आहे.

गोव्यात ही श्रद्धा मध्यंतरी जरा पातळ झाली होती. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मग कशाबशा सुरू झाल्या, तोवर २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केली आणि मार्चात पुन्हा सगळे ठप्प. डिचोली-साखळीकडे टिप्परच्या रांगेला अंग घासून शाळेत जाण्यात आमच्या पिढ्या तयार झाल्या. त्यांच्या मुलांना रस्त्याच्या मधोमध चालायची वाईट सवय लागली. पण देव मोठा आहे. खाणी हळूहळू सुरू होताहेत. आणि नसल्या म्हणून काय झाले? पर्वरीला उड्डाणपुलाचे काम निघाले, महामार्ग रुंद होतोय, पणजीत कुठला रस्ता कधी उकरतील याचा नेम नाही. सरावाला जागा कमी पडणार नाही.

सुरुवात टिप्परपासून करा. समोरून टिप्पर आला की थांबायचे नाही. हात वर करायचा, पंजा उघडा ठेवायचा आणि चालू लागायचे. भारतीय माणसाच्या पंजात काय शक्ती आहे हे भौतिकशास्त्राला अजून कळलेले नाही. ताशी तीस किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर तोडते, आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद गेलेला असतो, असली आकडेमोड भित्र्यांनी करावी. भरलेल्या गाडीला थांबायला पुढे आणखी किती लागेल, तो ट्रकचा प्रश्न.

उभे राहायला टिप्परची डावी बाजू उत्तम. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या दाराला लागून खाली वाकलेला माणूस त्याच्या दृष्टीने जगातच नसतो. तंबाखू मळायला इतका एकांत अख्ख्या साईटवर दुसरीकडे मिळायचा नाही. समोरची काच तरी मोकळी असेल म्हणाल, तर वरच्या पट्टीवर देवीचे नाव, खाली झेंडूची सुकलेली माळ, मध्ये लिंबू-मिरची, डाव्या खिडकीला लाल झालरीचा पडदा. या सगळ्यातून जे काही उरते त्याला ड्रायव्हर रस्ता म्हणतो. पावसाळ्यात त्यावर लाल चिखलाचा हात फिरतो तो वेगळाच.

आता पोकलेन, म्हणजे लांब हाताचे खोदाईचे यंत्र. हा खरा कलावंताचा विषय. पोकलेनचा केबिन डाव्या अंगाला असतो, तेव्हा ऑपरेटरची उजवी बाजू त्या भल्यामोठ्या लोखंडी हाताआड, म्हणजे बूमआड जाते, आणि पाठीमागे काही टनांचे लोखंडी वजन लटकलेले, त्यापलीकडचे काहीच दिसत नाही. म्हणजे जाणत्या माणसाने उभे राहायच्या जागा दोनच, उजवीकडे आणि मागे. मागे जर खडकाची कड, पाईपांची रास किंवा एखादी संरक्षक भिंत असेल, तर सोन्याहून पिवळे. यंत्र आणि भिंत यांच्यात हात-दीड हाताची फट राहते, वारा छान लागतो. वीस टनाच्या आसपासचे यंत्र मिनिटाला दहा-बारा गिरक्या घेऊ शकते. म्हणजे तोंड पलीकडे आणि शेपूट तुमच्याकडे यायला अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात “अरे, ओ भाई!” म्हणून होते.

आमच्या इकडे गटाराच्या कामावर लेव्हल घेणारा पोरगा बघावा. हातात माणसाहून उंच पट्टी, नजर दूर दुर्बिणीवाल्याच्या हातवाऱ्यांवर. तो तिकडून हात हलवतो, हा उलट्या पावलांनी मागे येतो. आणखी मागे. आणखी एक पाऊल. पाठीमागे पोकलेन खोदतोय हे दुर्बिणीवाल्याला दिसते, पण त्याचे काम पट्टीवरचा आकडा वाचायचे आहे, आणि आकडा अगदी बरोबर येतो.

जवळ जायचे असेल तर ऑपरेटरची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबावे, त्याने बकेट जमिनीला टेकवावी, इंजिन बंद करावे, हात दाखवावा, मग जावे, असे सांगणारे काही किरकिरे सुरक्षा अधिकारी असतात. त्यांचे ऐकत बसलात तर दिवसातून दहा वेळा खोदाई थांबेल. पात्रांवाला, म्हणजे मालकाला, यंत्राचे भाडे तासावर पडते. तुमचे तसे नाही, तुमचे दिवसावर.

हायड्रा, म्हणजे माल उचलून चालणारी क्रेन, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. क्रेनने उचललेला माल हेलकावे खाऊ नये म्हणून त्याला लांब दोरी बांधून बाजूने, दूर राहून धरायची पद्धत आहे. दोरी शोधायला स्टोअरमध्ये जावे लागते. त्यापेक्षा मालालाच हात लावा, आणि माल व पुढचे चाक यांच्या मधल्या जागेत शिरून हायड्राबरोबर चाला. बूम आणि माल यांच्याआड तुम्ही ऑपरेटरला दिसणार नाही, पण त्याचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. खाली खड्डे आहेत, पायात स्लिपर आहे, तुम्ही उलटे चालताय. चालत राहा. या प्रकारात देशभर इतकी माणसे गेली की काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या साईटवर या जातीच्या जुन्या क्रेनना बंदीच घातली. त्या काय करणार? इतरांच्या साईटवर गेल्या.

रिव्हर्स हॉर्नचे काय करायचे, असे बरेच जण विचारतात. काहीही नाही. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजला की अख्खा वाडा पिशव्या घेऊन बाहेर येतो, कारण त्याच्यामागे ताजा पाव असतो. रिव्हर्स हॉर्नच्या मागे नुसता टिप्पर. शिवाय साईटवर पाच-सहा गाड्या दिवसभर मागे-पुढे करत असतात आणि सगळ्यांचा सूर एकच, तेव्हा तासाभरात कान त्यातून अंग काढून घेतो. जेटीवर मागे घेणाऱ्या टिप्परला “येऊ दे, येऊ दे” करणारा तर बरोबर त्याच्या मागेच उभा असतो, आरशात न दिसणाऱ्या जागी. गाडीला दिशा त्याच्या आवाजाची. आवाज थांबला की ड्रायव्हर समजतो, बरोबर लागली.

दुपारी जेवण झाले की गोव्यात दुकानांची शटर खाली येतात आणि साहेब लोक आडवे होतात. एप्रिलच्या उन्हात ओडिशाहून, कर्नाटकातून आलेल्या माणसानेही आडवे व्हावे, पण कुठे? झाडे आधीच पाडलेली असतात. एक आंबा ठेवलेला असतो, त्याच्याखाली इंजिनिअरची गाडी. राहता राहिली उभ्या टिप्परखालची सावली. गार, ऐसपैस, दोन चाकांच्या मध्ये डोके ठेवायला अगदी बेतशीर. दोन वाजता ड्रायव्हर चहा संपवून येतो, दार उघडतो, चावी फिरवतो. गाडीला एक फेरी मारून खाली वाकून बघायचे असते, हे त्याला कोणी शिकवलेले नाही, असे नाही. शिकवले होते, मार्चात.

कारण ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद (नॅशनल सेफ्टी कौन्सिल) स्थापन झाली. त्या दिवशी बॅनर लागतो, शपथ होते, समोसा मिळतो. सर्वांना नवे कोरे रिफ्लेक्टिव जॅकेट दिले जाते, जे मे महिन्यापर्यंत मातीच्या रंगाचे होते आणि जूनपासून चिखलाच्या. आणि रोज सकाळची पाच मिनिटांची सुरक्षा चर्चा तर चुकतच नाही. वहीत बघा, पुढच्या गुरुवारपर्यंतच्या सह्या झालेल्या आहेत.

साईटचा नकाशा मागून बघा कधीतरी. त्यात टिप्परचा रस्ता आहे, खडीचा ढीग आहे, डिझेलची टाकी आहे, ऑफिसचा कंटेनर आहे. पायी माणसाचा रस्ता तेवढा नाही. चार पिंपे आणि एक दोरी लावून तो करता आला असता, पण मग टिप्परला वळसा पडला असता आणि दिवसाची एक ट्रिप कमी झाली असती. तेव्हा तुम्ही जिथून चालाल तिथे तुम्ही घुसखोर. अपघाताच्या अहवालात “कामगाराचा निष्काळजीपणा” हे शब्द लिहायला त्यामुळे फार सोपे जाते.

शेवटी पैशाचे बघू. १९२३ च्या भरपाई कायद्याने (२०२५ च्या नोव्हेंबरात त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) तक्ता आखून दिला होता: महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग गुणिले वयाचा आकडा. वय वीस असेल तर २२४, चाळीस असेल तर १८४.१७, पन्नास असेल तर १५३.०९. पगार कितीही असो, २०२० पासून हिशेबाला १५,००० पर्यंतच धरायचा, असे ठरले. त्या दराने विसाव्या वर्षी गेलात तर घरच्यांना १६,८०,०००. पन्नासाव्या वर्षी ११,४८,१७५. फरक पाच लाखांच्या वर जातो, म्हणून पोकलेनच्या मागे उभे राहायचे ते तरुणपणीच. अर्थात पगार आणि वय कागदावर असावे लागते. कंत्राटदाराच्या कंत्राटदाराने ज्याला नाक्यावरून उचलून आणले, तो ऑपरेटरप्रमाणेच हजेरीपटालाही दिसत नाही. उद्या सकाळी टिप्परकडे नंतर बघा, आधी मुकादमाच्या वहीत आपले नाव आहे का बघा. असेल तर वय दोन वर्षांनी कमी करून घ्या, आणि पेनाने लिहायला सांगा, पेन्सिलने नको.