रंग लष्करी, सिग्नल हौशी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लष्कराने मोडीत काढलेले रेडिओ सेट हौशी बँडवर (परवानाधारक हौशी रेडिओचालकांसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांवर) कसे वापरता येतील, या माझ्या लेखावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. सूर तिखट आहे, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून उत्तर दोन ओळींत उरकत नाही. तुमचं म्हणणं असं : हे सेट लष्करी फ्रिक्वेन्सींसाठी बनलेले, त्यांना नागरी वापराची मंजुरी नाही, तेव्हा त्यांवरून प्रसारण करणंच बेकायदेशीर. शिवाय त्यांचा सिग्नल घाण, म्हणजे नको त्या फ्रिक्वेन्सींवरही पसरणारा, असतो. आणि ते चालवायचे म्हणून त्यांची चिरफाड करणं ही इतिहासाची नासधूस. ४० मीटरच्या (७ मेगाहर्ट्झच्या) बँडवर अशाच एका सेटने ‘अर्धा बँड व्यापलेला’ ऐकल्याचंही तुम्ही लिहिलंय.

पहिला मुद्दा मला मान्य नाही. हौशी परवाना मिळतो तो माणसाला, परीक्षा घेऊन. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) रेडिओ नियमावलीतल्या व्याख्येतच हौशी सेवेचा हेतू स्वशिक्षण, परस्पर संपर्क आणि तांत्रिक शोध असा दिलेला आहे. म्हणून तर बहुतेक ठिकाणी हॅमला, म्हणजे हौशी रेडिओचालकाला, टेबलावर स्वतः जोडलेला ट्रान्समीटर हवेवर आणता येतो. त्याला मंजुरीचा शिक्का कुठे असतो? सिग्नल शुद्ध आहे की नाही, बँडमध्ये आहे की नाही, याची जबाबदारी चालवणाऱ्यावर असते. कारखान्यात लष्करासाठी बनलेल्या सेटला याहून वेगळा न्याय लावायचं कारण मला दिसत नाही. एक पुस्ती मात्र जोडतो : काही देशांत ट्रान्समीटर नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो, काही ठिकाणी तो परवान्यावर नोंदवावा लागतो, आणि सीमेपलीकडून मागवायचा तर निर्यातीचे निर्बंध आडवे येतात. म्हणून विकत घेण्याआधी आपल्या परवान्याच्या अटी वाचाव्यात. नव्या पिढीचे, आत सांकेतिकीकरणाची यंत्रणा असलेले सेट कुणी विकायला काढले, तर त्यांच्या वाटेला जाऊच नये. असा माल बाहेर कसा आला, हा प्रश्न शेवटी घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतो.

‘हा सेट लष्करी फ्रिक्वेन्सीवर जाऊ शकतो’ हे खरंच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांतला बीसी-४५९ ट्रान्समीटर घ्या. त्याची डायल ७ ते ९.१ मेगाहर्ट्झ फिरते. ४० मीटरचा हौशी बँड जगभर ७ ते ७.२, आणि अमेरिका खंडांत ७.३ पर्यंत. म्हणजे डायलचा एक कोपरा आपला, बाकी सगळी परक्याची जमीन. पण तिथे बटण दाबलं तरच गुन्हा घडतो. शेजारी फ्रिक्वेन्सी काउंटर ठेवला आणि आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या, सिग्नल हवेत न सोडणाऱ्या रोधावर) तपासून घेतलं, की हा धोका हाताबाहेरचा राहत नाही.

‘बँडमध्ये असणं’ म्हणजे काय, यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण खऱ्या चुका तिथेच होतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळातला पीआरसी-७७ पाठीवर वाहून न्यायचा सेट आहे. एफएम, ३० ते ७५.९५ मेगाहर्ट्झ, ५० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी ९२० चॅनेल, पॉवर दीड-दोन वॅट. ६ मीटरच्या (५० मेगाहर्ट्झपासूनच्या) बँडसाठी हातही न लावता तयार. पण त्याचं डेव्हिएशन, म्हणजे आवाजाबरोबर फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना जितकी सरकते ते अंतर, १० किलोहर्ट्झच्या घरातलं, आणि आजचे हौशी सेट ५ किंवा त्याहून कमीवर चालतात. १० किलोहर्ट्झ डेव्हिएशन आणि ३ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज धरला, तर सिग्नलची रुंदी साधारण २६ किलोहर्ट्झ होते. आता कुणी डायलवर ५०.०० लावून निर्धास्त झाला, तर त्याचा अर्धा सिग्नल बँडच्या बाहेर पडलेला असतो. डायल कायदेशीर, सिग्नल बेकायदेशीर! शिवाय बँडचा खालचा भाग सीडब्ल्यू (मोर्स) आणि एसएसबी (एकाच साइडबँडवरचं अरुंद बोलणं) वाल्यांचा, तिथे रुंद एफएमला कुणी उभं करणार नाही. तेव्हा ५१ किंवा त्याच्या वर, आपल्या देशातल्या बँडप्लॅनप्रमाणे (बँडचा कुठला भाग कशासाठी, याच्या आराखड्याप्रमाणे). आयटीयूच्या दुसऱ्या (अमेरिका खंड) आणि तिसऱ्या (बहुतेक आशिया-पॅसिफिक) विभागाचं वाटप ५० ते ५४ मेगाहर्ट्झ आहे, पहिल्या (मुख्यतः युरोप-आफ्रिका) विभागात देशागणिक मर्यादा बदलतात.

याच सेटचं स्क्वेल्च (सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय) समोरून १५० हर्ट्झचा टोन आला तरच उघडतं. हौशी सेटवर १५१.४ चा टोन लावला की काम बहुधा भागतं. (या एका आकड्यासाठी लोकांनी चांगले सेट ‘बिघडलेले’ म्हणून मातीमोल विकले आहेत.) त्याच्यावर आवाज सांकेतिक करणारं उपकरण जोडायचीही सोय होती. ती वापरायची नाही. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक केलेलं प्रसारण दोन देशांच्या हौशी स्टेशनांमध्ये आंतरराष्ट्रीय नियमानेच वर्ज्य आहे, आणि देशांतर्गतही बहुतेक ठिकाणी तेच. पुढच्या पिढीच्या सिंकगार्स या लष्करी सेटांचं फ्रिक्वेन्सी हॉपिंगही (सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहणं) नको, कारण त्या उड्या ३० ते ८८ मेगाहर्ट्झभर कुठेही पडतात. त्यांचा साधा एका चॅनेलचा एफएम मोड चालेल. आणि हो, लष्करी थाटाची टोपणनावं घेऊन बोलायचं नाही, परवान्यावरचा स्वतःचा कॉलसाइन (ओळखचिन्ह) द्यायचा. हौसेच्या भरात हेच आधी विसरलं जातं.

वायरलेस सेट नंबर १९ ची गोष्ट निराळी. ब्रिटिश रणगाड्यांसाठी बनलेल्या या सेटमध्ये एका पेटीत दोन रेडिओ आहेत. ‘ए’ सेट २ ते ८ मेगाहर्ट्झचा, ८० आणि ४० मीटरसाठी उत्तम. ‘बी’ सेट मात्र २२९ ते २४१ मेगाहर्ट्झवर चालतो, आणि तिथे हौशी वाटप कुठेच नाही. त्याचा ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह (काचेची इलेक्ट्रॉन नळी) काढून डबीत ठेवायचा. ‘बी’ सेट बंद ठेवायला नुसत्या बटणावर विसंबायचं नाही.

घाणेरड्या सिग्नलबद्दल तुमची तक्रार निम्मी खरी आहे, आणि मला वाटतं तीच तुम्ही आधी मांडायला हवी होती. रणांगणावर हार्मॉनिकची, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पटीवर निघणाऱ्या नको त्या सिग्नलची, फिकीर कोण करत होतं? पण आज पीआरसी-७७ चा ५१ मेगाहर्ट्झचा दुसरा हार्मॉनिक १०२ वर, म्हणजे थेट एफएम नभोवाणीच्या पट्ट्यात पडतो. शेजाऱ्याचा रेडिओ खरखरला, तर दोष आपलाच. ३० मेगाहर्ट्झच्या खाली हौशी ट्रान्समीटरचा असा अनावश्यक सिग्नल मुख्य सिग्नलच्या किती खाली हवा, याची आयटीयूची मर्यादा ४३ अधिक १० लॉग पॉवर (वॅटमध्ये) डेसिबल, किंवा ५० डेसिबल, यांतली जी सौम्य ती. ५ वॅटच्या सेटला दोन्ही हिशेब सारखेच येतात : अनावश्यक सिग्नल ५० मायक्रोवॅटच्या आत हवा. हे कानाने कळत नाही, मोजावं लागतं. बाहेर लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावून, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहून मग अँटेना जोडावी. ज्याला मोजायची सोय नाही, त्याचा सेट डमी लोडवरच राहावा असं माझं स्पष्ट मत आहे.

चिरफाडीवर वाद नाही. पॅनेलला भोकं पाडणारे माझ्याही डोक्यात जातात. पण फिल्टर, पॉवर सप्लाय, टोनची व्यवस्था हे सगळं पेटीबाहेर करता येतं. आत बदलावे लागतात ते गळके पेपर कंडेन्सर, तेही जुन्या कवचात नवे बसवून. चमकणाऱ्या जुन्या डायलवर रेडियम असू शकतं, ती उघडून खरवडू नये.

राहिला तुम्ही ४० मीटरवर ऐकलेला सिग्नल. एएम असेल तर मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंचे दोन साइडबँड मिळून ६ किलोहर्ट्झ रुंदी स्वाभाविकच, एसएसबीच्या दुप्पट. सगळा बँड एकदम दाखवणाऱ्या पॅनोरमिक डिस्प्लेवर तो जाडजूड दिसतो, तरी त्यात गैर काही नाही. पण दहा-पंधरा किलोहर्ट्झ दूरही चरचर येत असेल, तर ते ओव्हरमॉड्युलेशन, म्हणजे ट्रान्समीटरला झेपेल त्याहून जास्त आवाज देणं, आहे. मात्र आधी स्वतःच्या रिसीव्हरचा अ‍ॅटेन्युएटर (येणारा सिग्नल कमी करणारी सोय) लावून पाहा. चरचर सिग्नलच्या मानाने फारच जास्त उतरली, तर दोष तुमच्या रिसीव्हरच्या ओव्हरलोडचा. तशीच राहिली, तर तिथल्या तिथे त्याला सांगा : फ्रिक्वेन्सी, वेळ, रुंदी. जुने सेट चालवणारे बहुतेक जण असा रिपोर्ट मिळाला की लगेच माइकचा गेन खाली आणतात.