न्यूमोनियाचा कागद कोपीपर्यंत पोचला पाहिजे

दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीडकडच्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. संगं तान्ही लेकरं असतात. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, थंडी, चुलीचा धूर, आणि आई पहाटेपासून फडात. लेकराची छाती भरायला, न्यूमोनिया व्हायला आणखी काय लागतं? ज्यांना हक्कानं विचारावं त्या आशाताई, अंगणवाडीताई मागं गावातच राहतात.

म्हणून माझं म्हणणं आहे, टोळी ट्रकमध्ये चढायच्या आधी प्रत्येक आईच्या हातात एक छापील कागद पडलाच पाहिजे. दवाखान्याच्या भिंतीवरच्या पोस्टरसारखा बारीक अक्षरातल्या वीस सूचनांचा नको. एकाच कामाचा हवा: न्यूमोनिया ओळखायला लेकराचा श्वास कसा मोजायचा.

लेकरू शांत असताना, रडत नसताना, अंगावरचा कपडा वर करायचा, छाती-पोटाकडे बघायचं आणि मोबाईलवर वेळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्याचे 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे 40 किंवा जास्त भरले तर लगेच दवाखाना गाठायचा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा लेकरानं दूध-पाणी सोडलं असेल, तर मोजत बसायचंच नाही, निघायचं.

हे आत ओढणं शब्दांत सांगून कळत नाही, तिथं मोठं चित्रच पाहिजे. आणि छापायच्या आधी तो कागद एखाद्या न शिकलेल्या बाईला दाखवून विचारा, ‘मावशे, यातून काय समजलं?’ तिला समजला नाही तर चित्र बदला.

मागच्या बाजूला न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकल लसीच्या वेळा: 6 आठवडे, 14 आठवडे, 9 महिने. 2021 पासून ही लस सरकारी लसीकरणात देशभर फुकट आहे आणि डोसची वेळ आली की मुक्कामाच्या गावच्या सरकारी केंद्रातही मिळते. लसीचं कार्ड बरोबर न्या, सहा महिने फक्त आईचं दूध, लेकराला धुरापासून लांब ठेवा. बास, एवढंच.

वाटायचा कसा? उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देताना टोळीच्या मुकादमाकडं कोयत्यांची, म्हणजे तोडणीला जाणाऱ्या जोडप्यांची, नावं असतातच, त्याच वेळी कागद हातात द्यावा. जाड कागद, एक रंग, झेरॉक्सवरही निघतो. ग्रामपंचायतींनी यंदा शुभेच्छांचा एखादा फ्लेक्स कमी लावून हा खर्च करावा. तुमच्या गावातून टोळ्या जात असतील तर सरपंचाला आजच विचारा.