पाणी ओसरतं, भीती ओसरत नाही

‘पूर ओसरला की महिन्याभरात माणसं सावरतात’ हे तुमच्या पूरग्रस्तांवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. तेव्हापासून जुलै लागला की आई रात्री दोन-दोनदा उठते आणि अंधारातच उंबऱ्यावर हात फिरवून बघते, ओल आलीय का. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली म्हटलं की तिचे हात गार पडतात. ती इशारा पातळी आहे, धोका ४३ ला, हे किती वेळा सांगून झालं. पण सांगणं तिथवर पोचतच नाही. विचार करणारा मेंदू जागा व्हायच्या आधीच अमिग्डाला हा मेंदूतला भीती ओळखणारा भाग धोक्याची घंटा वाजवतो. आणि ‘हे तेव्हाचं, आत्ताचं नव्हे’ अशी खूण आठवणीला जोडणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, जबर धक्क्यात नीट काम करत नाही. म्हणून पत्र्यावर पाऊस वाजला की तिची तीच रात्र पुन्हा सुरू होते.

‘मन घट्ट करा’ म्हणणाऱ्यांचं ऐकत मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला आम्ही दोन वर्षं लावली, याचं फार वाईट वाटतं. तुमच्या लेखात पंचनामे, अनुदान सगळं आलंय. मनाच्या उपचारांवर एक ओळ तरी हवी होती.