साखर कारखान्यांची खरी स्पर्धा कोणाशी?

साखर कारखान्यांच्या स्पर्धेवरील एका लेखाविषयी हे माझे मत. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांची १९७९ सालची पाच बलांची चौकट (प्रतिस्पर्धी, नवे प्रवेशक, पर्यायी उत्पादने, पुरवठादार आणि ग्राहक या पाच दबावांतून उद्योगातील स्पर्धा पाहणारी) साखर कारखान्यांना लावताना लेखकाने शेजारच्या कारखान्याकडून होणाऱ्या उसाच्या पळवापळवीवरच भर दिला आहे. तो मला अपुरा वाटतो. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवते आणि ती १४ दिवसांत द्यावी लागते. सरकारनेच ठरवलेला साखरेचा किमान विक्री दर मात्र फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला, आणि पुढे एफआरपी वाढत गेली तरी तो वर्षानुवर्षे तिथेच थांबला. डिसेंबर २०२३ मध्ये, गाळप ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, तेव्हा कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांना कोणा स्पर्धकाने नव्हे, धोरणाने गाठले. तोडणी टोळ्यांच्या टंचाईचा तर लेखात साधा उल्लेखही नाही.