अकरा फुलांचा गुलकंद

आईने माझ्या वाढदिवसाच्या गुच्छातला गुलाब नाकाशी नेला, परत ठेवला आणि म्हणाली, "कागदालासुद्धा कागदाचा वास असतो रे." मग परसातला गावठी गुलाब आणि त्याचा गुलकंद यांची साग्रसंगीत आठवण निघाली. भावनेच्या भरात मी जाहीर केलं, की यंदा गुलकंद घरच्या फुलांचा! भावनेच्या भरात मी आजवर जे काही जाहीर केलं, ते निस्तरताना काहीतरी जड उचलावं लागलेलं आहे.

नर्सरीवाल्याने 'एडवर्ड' दिला. नाव साहेबी, काम गुलकंदाचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रियुनियन बेटावर दमास्क आणि चिनी गुलाबाचा आपोआप संकर झाला, त्यातून हा आला म्हणे; कुंपणात, कोणी न लावता. "डोळा भरून कलम करायची भानगड नाही, नुसती फांदी खोचली तरी जगतो," नर्सरीवाला म्हणाला. "फक्त सहा तास ऊन पाहिजे, साहेब."

आमची पुण्यातली बाल्कनी उत्तरेची. फ्लॅट विकताना बिल्डर याला 'थंडावा' म्हणाला होता. दोन महिन्यांत एडवर्ड हातभर वाढला. कळी एक नाही. ग्रिलमधून मान काढून तो नुसता रस्ता बघत बसायचा.

मग कुंडी गच्चीवर न्यायची ठरली. १४ इंची कुंडी पोटाशी धरून लिफ्टमध्ये शिरलो, तर समोर शेजारच्या काकू. एक काटा त्यांच्या पदरात, एक माझ्या कानात. "कुठे निघालात दोघं?" त्यांनी विचारलं.

एप्रिलात गच्चीवर सहा तास काय, सूर्य मावळेपर्यंत ऊन. कळ्या आल्या, पण बोराएवढ्या. आणि आठला उमललेलं फूल दहाला तळलेला पापड. गुलाबातलं सुगंधी तेल उन्हाने उडतं, म्हणून अत्तरवाले फुलं पहाटेच तोडतात. मीही पहाटे गेलो. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी झोपेत. जागे झाल्यावर त्यांनी नोटीस लावली: 'कुंड्यांमुळे गच्ची गळते.' गच्चीवर कुंडी एकच होती, तरी अनेकवचन वापरलं, हा त्यांचा सभ्यपणा.

मधल्या काळात एक फांदी रत्नागिरीला मामीच्या अंगणात खोचून आलो होतो. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पान सहा-सात तास ओलं राहिलं तरी काळ्या ठिपक्यांची बुरशी बसते. मामीकडे ते जूनला भिजलं की गणपतीपर्यंत वाळतच नाही. ऑगस्टात तिचा फोन आला, "अरे, एवढी तीट कोणी लावली ह्याला?" पुढच्या फोनपर्यंत पानंच उरली नव्हती. काड्या मात्र जिवंत होत्या. मामी त्यांवर फडकी वाळत घालते.

इकडे कुंडी वॉचमनकाकांच्या केबिनशेजारी आली. दुपारपर्यंत ऊन, मग टाकीची सावली. इतकी चांगली जागा अख्ख्या सोसायटीत कोणाच्या फ्लॅटला नाही. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात छाटणी केली: बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, थोडं वर, तिरका काप. आई म्हणाली, "निम्मं काप." मी कापलं. वॉचमनकाका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दीड महिन्याने फुलं आली. बारा! गुलाबी, गच्च पाकळ्यांची, आणि वास असा की कुरिअरवाले पार्सल देऊनही रेंगाळायचे. बारावं काकांच्या गणपतीला. ते आमचं जागाभाडं. उरलेल्या अकरांच्या पाकळ्या भरल्या ३५ ग्रॅम. आईने वजनाइतकीच साखर घेतली, थरावर थर दिला आणि बरणी मोठी होते म्हणून सगळं लोणच्याच्या सगळ्यात छोट्या बाटलीत भरलं. तरी तळच झाकला.

"आता महिनाभर कडक उन्हात ठेव," ती म्हणाली.

मी उत्तरेच्या बाल्कनीकडे पाहिलं, बाटली खिशात घातली आणि लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं. आत काकू.

"आज एकटेच?"